परिपाठातल्या दिनविशेषाबद्दल शिक्षकमित्रांना खुलं पत्र

रोज सकाळी मुलांना मैदानावर उभं करून परिपाठ घेणाऱ्या माझ्या शिक्षक बंधू-भगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

वाळवा तालुक्यात प्राथमिक शिक्षक म्हणून मी ३६ वर्षं काढली. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, पंचांग, दिनविशेष, बातम्या, बोधकथा आणि शेवटी पसायदान हा क्रम आता झोपेतही चुकायचा नाही. त्यातल्या दिनविशेषाबद्दल मनात बरंच साठलंय. नोकरीत असताना ते बोलायला हवं होतं, तेव्हा राहून गेलं. आज तुम्हा सगळ्यांपुढे मांडतो.

काही वर्षांपूर्वीची १ ऑगस्टची सकाळ. पावसाची भुरभुर होती म्हणून परिपाठ व्हरांड्यात घेतला होता. टेबलावर दोन तसबिरी, दोन्हींना झेंडूचे हार. दिनविशेष वाचायची पाळी सहावीतल्या एका मुलीची होती. तिनं वहीत उतरवून आणलेलं वाचायला सुरुवात केली. "१७७४, जोसेफ प्रिस्टले यांनी ऑक्सिजनचा शोध लावला. १९१३, अभिनेते भगवानदादा यांचा जन्म. १९२०, लोकमान्य टिळक यांचे निधन. १९२०, साहित्यरत्न अण्णाभाऊ साठे यांचा जन्म. १९३३, अभिनेत्री मीनाकुमारी यांचा जन्म." पाच वाक्यं एका दमात. टाळ्या झाल्या, पुढचा मुलगा बातम्या वाचायला उभा राहिला.

जेवणाच्या सुट्टीत ती मुलगी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, टिळक वारले तेव्हा अण्णाभाऊ केवढे होते?"

मी म्हटलं, "तूच वाचलंस ना सकाळी?" तिनं वही उघडली. दोन्ही ओळींवर बोट ठेवून दोन्ही आकडे वाचले, परत वाचले. मग मान वर करून म्हणाली, "म्हणजे त्याच दिवशी?"

तिनं स्वतःच्या हातानं दोनदा १९२० लिहिलं होतं आणि दीडशे पोरांपुढे दोनदा वाचलं होतं. तरी तो एकच दिवस आहे हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. दोष तिचा नव्हता. आम्हीच तिला तसं वाचायला शिकवलं होतं. दिनविशेष म्हणजे मोबाईलवर आलेली यादी उतरवायची, धाप लागेपर्यंत वाचायची आणि बसायचं. आदल्या रात्री शिक्षकांच्या ग्रुपवर कुणीतरी पाठवतं, सकाळी ती वहीत उतरते आणि संध्याकाळपर्यंत कुणाच्याच डोक्यात राहत नाही.

त्या दुपारी मी गणिताचा तास बाजूला ठेवला आणि सहावीच्या वर्गाला १ ऑगस्ट १९२० हा एकच दिवस सांगितला. माझ्या नोकरीतल्या चांगल्या तासांत मी तो धरतो. म्हणून इथेही तो जरा तपशिलानं सांगतो.

मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात लोकमान्य आजारी होते. मध्यरात्र उलटल्यावर काही वेळातच त्यांची प्राणज्योत मालवली. घड्याळानं तारीख बदलली होती म्हणून आपण १ ऑगस्ट म्हणतो. पण आपल्या पंचांगात वार बदलतो तो सूर्योदयाला. सरदारगृहाखाली जमलेल्या लोकांपैकी जुन्या वळणाच्या माणसांच्या हिशेबी तेव्हा अजून शनिवारच चालू होता. रविवार उजाडायला पाच-सहा तास होते. हे सांगितल्यावर पोरं एकदम सरसावून बसली. एकाच क्षणाला दोन वार असू शकतात हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. आणि पंचांग तर आपण परिपाठात रोज वाचतो!

दिवस उजाडला तो माणसांच्या पुरानं. भर पावसात अंत्ययात्रा निघाली. खांदा देणाऱ्यांत गांधीजी होते. गिरगाव चौपाटीवर, एरवी जिथे दहन होत नाही तिथे समुद्राच्या काठी, लोकमान्यांना अग्नी दिला गेला.

आता गांधीजींकडे वळू. त्याच तारखेचं त्यांचं व्हाइसरॉय लॉर्ड चेम्सफर्ड यांना लिहिलेलं पत्र आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या सेवेबद्दल सरकारनं दिलेलं कैसर-इ-हिंद सुवर्णपदक त्यांनी त्या पत्रासोबत परत केलं. बोअर युद्ध आणि झुलू बंडाच्या वेळची पदकंही परत केली. असहकाराची चळवळ सुरू झाली ती याच दिवशी. इथे मुलांची एक हमखास चूक होते. टिळक गेले म्हणून असहकार सुरू झाला, असं ती उत्तरपत्रिकेत लिहून मोकळी होतात. तारीख एक असली की एक गोष्ट दुसरीचं कारण वाटायला लागते. असहकाराचा दिवस आधीच जाहीर झाला होता आणि त्यामागे खिलाफतीचा प्रश्न आणि जालियनवाला बागेची जखम होती. टिळकांचं जाणं त्या ठरलेल्या दिवशी येऊन पडलं. योगायोग आणि कारण यांतला फरक शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

आणि त्याच दिवशी, मुंबईपासून शेकडो किलोमीटरवर, वाळवा तालुक्यातल्या वाटेगावच्या मांगवाड्यात, वालूबाई आणि भाऊराव साठे यांच्या घरी मुलगा झाला. नाव ठेवलं तुकाराम. पुढे तो अण्णाभाऊ म्हणून जगाला माहीत झाला. तेव्हा सांगली जिल्हा नव्हता. वाळवा सातारा जिल्ह्यात होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. एवढं सांगितलं आणि ती मुलगी उभी राहिली. "सर, वाटेगाव माझं आजोळ आहे."

वर्गाचा रंगच पालटला. मग प्रश्नांवर प्रश्न. वाटेगावला टिळक गेल्याचं कधी कळलं असेल? गाडी कुठपर्यंत होती? पेपर कोण वाचत असेल? मांगवाड्यात ती बातमी कुणी सांगितली असेल, सांगितली तरी असेल का? शेवटचा प्रश्न मागच्या बाकावरच्या मुलाचा होता. एरवी तो वर्षभर तोंड उघडत नसे.

मी फळ्यावर दोन बिंदू काढले, एक मुंबई आणि एक वाटेगाव, आणि त्यांच्यामधून एक रेघ ओढली. त्या रेघेवर एकच शब्द लिहिला : गिरणी.

कारण असं की, २२ जुलै १९०८ ला मुंबईच्या हायकोर्टात टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. वर्षाला एक दिवस. लष्कर आलं, गोळीबार झाला, माणसं मेली. टिळक मंडालेला गेले. पुढे बरीच वर्षं लोटल्यावर वाटेगावचं साठे कुटुंब पोट भरायला मुंबईच्या वाटेला लागलं. पायी. वाटेत मिळेल ते काम करत, दगड फोडत, ओझी वाहत. त्यातला अकरा-बारा वर्षांचा पोरगा त्याच गिरणगावात येऊन पोहोचला, गिरणीत राबला, कामगारांच्या सभांतून वाचायला-लिहायला शिकला आणि शाहीर अमर शेख, गव्हाणकर यांच्यासोबत १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभं केलं. ज्यांच्या बापांनी टिळकांसाठी गिरण्या बंद ठेवल्या, त्यांच्यापुढे अण्णाभाऊंनी डफ वाजवला.

पोरांना आणखी एक गोष्ट फार आवडली. टिळकांनी गणपती घरातून चौकात आणला. तमाशाही गणानंच सुरू होतो, म्हणजे गणपतीच्या वंदनानं. अण्णाभाऊंनी तमाशाचं लोकनाट्य केलं आणि गणातल्या गणपतीच्या जागी मायभूमीला, शिवरायांना आणि कष्टकऱ्यांना बसवलं. एकानं देवाला लोकांत आणलं, दुसऱ्यानं लोकांना देवाच्या जागी ठेवलं. आणि शिवराय दोघांकडेही आहेत. टिळकांनी शिवजयंतीचा उत्सव उभा केला, अण्णाभाऊंनी आपल्या गणात शिवबांचे चरण स्मरले. या दोन माणसांना एका टेबलावर हार घालायचे आणि त्यांच्याबद्दल दोन सुटी वाक्यं वाचून खाली बसायचं, हे मला आता सहन होत नाही, मित्रांनो. कुठल्या शाळेत सगळी भाषणं टिळकांवर होतात आणि अण्णाभाऊंना आभारप्रदर्शनात जागा मिळते. कुठे नेमकं उलटं होतं. दोन्हीकडे पोरांचंच नुकसान.

आता चुकांबद्दल. एका वर्षी १ ऑगस्टला ग्रुपवर आलेल्या यादीत "लोकमान्य टिळक जयंती" असं होतं. आमच्या एका वर्गानं तसंच फळ्यावर लिहिलं, रंगीत खडूनं, भोवती फुलं काढून. जयंती २३ जुलैला, १८५६ सालची. १ ऑगस्ट ही पुण्यतिथी. ज्या शिक्षकानं ते लिहू दिलं तो कामचुकार नव्हता, घाईत होता. निवडणूक, सर्वेक्षण, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती भरणं हे सगळं मीही केलंय. तुमचा वेळ कुठे जातो ते मला ठाऊक आहे. तरी चुकीची तारीख पोरांच्या तोंडी बसली की ती आयुष्यभर निघत नाही.

तारखेचा हा काटेकोरपणा ज्यांच्या पुण्यतिथीला आपण विसरतो, त्याच टिळकांनी शिवरायांच्या जन्मतारखेसाठी किती धडपड केली हे मुलांना जरूर सांगा. पूर्वी १६२७ हे साल सर्रास धरलं जायचं. टिळकांनी केसरीतून त्यावर लिहिलं आणि पुढे कारीच्या जेधे घराण्याकडची शकावली, म्हणजे सालवार घटनांची जुनी नोंद, हाती आल्यावर १९१६ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्या शकावलीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी नोंद आहे. तीच १९ फेब्रुवारी १६३०. शासनानं पुढे हीच तारीख मान्य केली. ही तारीख जुन्या ज्युलियन कालगणनेतली आहे. आज आपल्या भिंतीवर जे ग्रेगोरियन कॅलेंडर लटकतं त्याच्या हिशेबानं तो दिवस १ मार्च येतो. दोन्ही हिशेबांनी वार मात्र शुक्रवारच. आठवी-नववीच्या मुलांना हे गणित करायला द्या, त्यांना ते जमतं.

एका तारखेला दोन मोठी माणसं गेली असं आपण हौसेनं सांगतो तेव्हाही हेच भान हवं. २३ एप्रिलला जागतिक पुस्तक दिन असतो. तेव्हा परिपाठात दरवर्षी वाचलं जातं की शेक्सपिअर आणि सर्व्हांटिस एकाच दिवशी वारले, २३ एप्रिल १६१६. स्पेननं नवं कॅलेंडर घेतलं होतं, इंग्लंड जुन्यावरच होतं. म्हणजे कागदावरचा आकडा एक असला तरी दिवस दहा दिवसांच्या अंतरानं वेगळे. शिवाय सर्व्हांटिसनं प्राण सोडला तो २२ तारखेला, असं आता मानलं जातं. टिळक-अण्णाभाऊंचा १ ऑगस्ट असा फसवा नाही. एकच देश, एकच कॅलेंडर, एकच रविवार. म्हणून तर तो इतका मोलाचा.

प्रिस्टलेची ती ओळही विज्ञानाच्या शिक्षकांनी तशीच सोडू नये. त्या दिवशी त्यानं भिंगानं सूर्याची किरणं एकवटून पाऱ्याचं भस्म तापवलं आणि निघालेल्या वायूत मेणबत्ती लखलखून पेटली. भिंग प्रत्येक शाळेत असतं. पाऱ्याच्या वाटेला जाऊ नका, पण भिंगानं कागद पेटवून दाखवता येतो. आणि त्याच्या आधीच स्वीडनमध्ये शेले यानं हा वायू मिळवला होता, फक्त छापून यायला उशीर झाला, हेही सांगता येतं.

१ ऑगस्ट हा आपल्या राज्यात महसूल दिनही असतो, कारण महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होतं आणि ३१ जुलैला संपतं. खेड्यातल्या मुलाच्या घरात सातबारा असतोच. त्या दिवशी तलाठीभाऊसाहेबांना शाळेत बोलवा, सातबारा वाचायला शिकवायला सांगा. आम्ही एकदा बोलावलं होतं. "आणेवारी म्हणजे काय" या एका प्रश्नावर अर्धा तास गेला आणि घरी जाऊन पोरांनी आजोबांना भंडावून सोडलं.

आता मूळ मागणी. दिनविशेष रोज नको. आठवड्यातून एकदा घ्या, आणि त्या दिवशी एकच गोष्ट घ्या. शनिवारी सकाळची शाळा असते, तो दिवस बरा. ती एक गोष्ट आधी पडताळून पाहा, निदान दोन पुस्तकांत तरी. शाळेच्या कपाटात कुलूपबंद असलेले संदर्भग्रंथ त्या निमित्तानं बाहेर निघतील. वाचणाऱ्या मुलाला आदल्या दिवशी सांगा की तुला एक प्रश्न स्वतःच्या मनानं विचारायचा आहे. उत्तर आलं नाही तरी चालेल.

आणि गावाचा दिनविशेष लिहा. हे माझ्या फार जवळचं आहे, म्हणून थोडं घरचं सांगतो.

माझी शाळेतली जन्मतारीख १ जून १९६७. आई सांगायची, "कोयनेचा भूकंप झाला तवा तू माझ्या पोटात सात म्हैन्यांचा व्हतास. पहाटं भांडी खाली पडली, आम्ही समदी अंगणात पळालो." भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. म्हणजे मी जन्मलो १९६८ च्या फेब्रुवारीच्या आसपास. पहिलीत घेताना सहा वर्षं पुरी दाखवायला गुरुजींनी १ जून टाकला. शिक्षक झाल्यावर मी आमच्या शाळेचं जुनं जनरल रजिस्टर उघडलं. जाड पुठ्ठा, कडा वाळवीनं खाल्लेल्या, निळी शाई तपकिरी पडलेली. जन्मतारखेच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत १ जून, १ जून, १ जून. मध्येच कुठेतरी एखादी खरी तारीख. आमच्या पिढीतल्या गावोगावच्या माणसांचे वाढदिवस एकाच दिवशी येतात आणि दरवर्षी ३१ मेला आमच्यासारखे ढीगभर कर्मचारी एकदम निवृत्त होतात, त्याचं मूळ त्या रकान्यात आहे. आमच्या आयांनी मात्र खऱ्या तारखा जपल्या होत्या. भूकंपाच्या आधी, बहात्तरच्या दुष्काळात, बेंदराच्या दुसऱ्या दिवशी, अशा.

तर त्या सहावीच्या वर्गाकडून मी एक दोनशेपानी वही करून घेतली. वर्षातल्या प्रत्येक तारखेला अर्धं पान. मुलांनी घरोघरी जाऊन विचारायचं आणि लिहायचं. शाळा कधी सुरू झाली, गावात वीज कधी आली, पहिली एस्टी कधी आली, कुठल्या पैलवानानं कुठल्या जत्रेत गदा जिंकली. तारीख सांगणारं माणूस कोण, तेही खाली लिहायचं. दोन म्हाताऱ्यांनी दोन तारखा सांगितल्या तर दोन्ही लिहायच्या. एस्टीच्या तारखेवरून तर दोन गल्ल्यांत वाद झाला. शेवटी एका आजींकडे पहिल्या दिवशीचं तिकीट सापडलं, पोथीत खूण म्हणून ठेवलेलं. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी कुठल्या दिवशी कुठल्या पायरीला लागलं, ते त्या वहीत चार वेगवेगळ्या घरांनी सांगितलेलं आहे. शाळेच्या पायरीवर मुलांनी तेव्हा रंगानं खूण केली होती, ती अजून आहे.

हा पोरांच्या हातचा इतिहास आहे. शुद्धलेखनाच्या चुका आहेत, पण प्रत्येक नोंदीखाली सांगणाऱ्याचं नाव आहे. मोबाईलवरच्या कुठल्या यादीत ते असतं?

मी निवृत्त झालो तेव्हा ती वही शाळेच्या कपाटात ठेवून आलो. १ ऑगस्टच्या पानावर त्या मुलीचं अक्षर आहे, थोडं तिरकं. तिनं लिहिलंय : "या दिवशी लोकमान्य टिळक वारले आणि अण्णाभाऊ साठे जन्मले. त्या वेळी वाटेगावात पाऊस होता का ते आजीला विचारायचे आहे." खाली तिनं नंतर दुसऱ्या शाईनं भर घातली आहे : "आजी म्हणाली, तिच्या सासूबाईंना माहीत असतं."

येत्या १ ऑगस्टला फळ्यावर बाकी काही लिहू नका. दोन बिंदू काढा, मुंबई आणि वाटेगाव. मधली रेघ पोरांना ओढू द्या.

तुमचाच,
वाळवा तालुक्यातला एक निवृत्त प्राथमिक शिक्षक